टिचकीमास्तरांचा कान

टिचकीमास्तरांचं खरं नाव विचारलं तर सगळी गल्ली डोकं खाजवायला लागते. समोर आलेल्या वस्तूला आधी टिचकी मारायची, कान द्यायचा आणि मगच तिच्याबद्दल तोंड उघडायचं, ही त्यांची रीत. कलिंगडाला सगळेच टिचकी मारतात हो! हे दाराला मारतात, नव्या बादलीला मारतात, बँकेच्या काउंटरलासुद्धा मारून झाली आहे. जावई पहिल्यांदा मोटरसायकलवरून घरी आला, तेव्हा मास्तरांनी दारातच त्याच्या हेल्मेटला टिचकी मारली आणि म्हणाले, "भरीव आहे." हेल्मेट तेव्हा डोक्यावरच होतं. ते नक्की कशाबद्दल बोलले, हे त्या बिचाऱ्याला अजून उमगलेलं नाही.

मास्तरांचा धंदा गिटारी दुरुस्त करण्याचा. शिवणकामाचं दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये एक अरुंद गाळा आहे, तो त्यांचा. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, त्यावर जुनं घोंगडं पसरलेलं, म्हणजे कुणाच्या गिटारला ओरखडा नको. भिंतीवर लहानमोठे क्लॅम्प, कानशी, पटाशा. छताखाली एक आडवा दांडा, त्याला दुरुस्तीला आलेल्या गिटारी मानेने टांगलेल्या. टेबलाच्या शेवटी एक दार, आणि दाराच्या पलीकडे थेट स्वयंपाकघर. त्यामुळे दुकानात कुणी खोटं बोललं तर आतून मास्तरांच्या बायकोचा खाकरण्याचा आवाज येतो.

चौतीस वर्षं हे दुकान एका टिचकीवर चाललं. गिटार आली की मास्तर तिला मांडीवर घेत, छातीवर टिचकी मारत मारत खाली येत आणि मध्येच थांबत. "इथे आतली आधाराची काठी सुटलीय." गिऱ्हाईक म्हणे, वरून तर काही दिसत नाही. मास्तर म्हणत, "दिसत नाही म्हणून तर कान दिलेत देवाने." आणि उघडून पाहावं तर काठी तिथेच सुटलेली. एवढ्या वर्षांत हा कान कधी चुकला नाही. मास्तरांना त्याचा गर्वही होता, आणि का नसावा? दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

लाकडी गिटार म्हणजे नाजूक प्रकृतीचं माणूस. हवा कोरडी पडली की तिची छाती तडकते, दमट झाली की पोट फुगतं, मान वाकते. म्हणजे बाराही महिने कुणी ना कुणी दवाखान्यात. कोरड्या दिवसांसाठी मास्तरांनी एक उपाय काढला होता. बोटभर लांबीची काळी रबरी नळी, तिला सुईने पाडलेली भोकं, आत स्पंजची पट्टी आणि टोकाला तारेचा आकडा. स्पंज भिजवायचा, पिळायचा, आणि नळी गिटारच्या तोंडातून, म्हणजे तारांखालच्या भोकातून, आत घालून आकडा आतल्या काठीला अडकवायचा. लाकूड त्यातली ओल सावकाश पीत राहतं. दुकानात या नळीला म्हणायचे "जीभ". जिभा बनवायचं काम बायकोचं. संध्याकाळी दुकान आवरताना ती ओल्या जिभांचं ताट घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "जिभा घातल्या का सगळ्यांना?" मास्तर एकेक उचलत आणि गिटारच्या तोंडात घालत. बोलणं एकीकडे, हात एकीकडे. चौतीस वर्षांत हाताला ते इतकं पाठ झालं होतं, की डोक्याला विचारायची त्याला गरजच उरली नव्हती.

आणि मग आली कोळशाची गिटार.

तिचं खरं नाव कार्बन फायबरची. पहिली आली तेव्हा मास्तरांनी सवयीने टिचकी मारली. लाकूड कसं "ठण्ण" म्हणून थोडं रेंगाळतं, मग विरतं. ही नुसती "टक" म्हणाली आणि गप्प झाली. मास्तरांनी कार्बन म्हणजे काय ते विचारलं, कुणीतरी सांगितलं की कोळसाच तो, धाग्याच्या रूपातला. "मग चुलीत घाला," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून दुकानात तिला कोळशाची गिटार हेच नाव पडलं.

सुरुवातीला तो हौसेचा मामला होता. गावभर मिळून दोन-तीन गिटारी, त्याही श्रीमंतांच्या घरी भिंतीवर. मग वारं फिरलं. आधी घेतल्या त्या फिरत्या वाजवणाऱ्यांनी, ज्यांची गिटार आज डोंगरात, उद्या समुद्रावर आणि परवा विमानाच्या पोटात असते. पाठोपाठ शाळांनी घेतल्या, कारण पोरं आपटतात आणि हिला काही होत नाही. मग कंपन्यांनीही डोकं चालवलं. कुणी पाठ कोळशाची आणि छाती लाकडाची केली, कुणी कोळशात काचेचे नाहीतर जवसाचे धागे मिसळून स्वस्तातल्या काढल्या, कुणी निळ्या-लाल रंगात. दुर्मिळ लाकडाच्या तोडणीवर बंधनं आली तशी तर या मंडळींना रानच मोकळं मिळालं. आता वापरलेल्या कोळशाच्या गिटारींचासुद्धा वेगळा बाजार उभा राहिलाय. म्हातारपणच येत नाही म्हटल्यावर जुनी काय आणि नवी काय!

मास्तरांना ही सगळी बातमी घरबसल्या मिळे, कारण त्यांची लेक वाद्यांच्या मोठ्या शोरूममध्ये कामाला. शत्रूच्या गोटात आपलीच पोर! तिथे आधी एका कोपऱ्यात एक कोळशाची गिटार टांगलेली असे. मग एक रांग झाली. आता अख्खी भिंत काळी झाली आहे, असं तिनेच एकदा जेवताना सांगितलं. मास्तरांनी घास तसाच ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला.

कारण साधं होतं. जी तडकत नाही, फुगत नाही, वाकत नाही, ती मास्तरांकडे येईल कशाला? छताखालच्या दांड्याला पूर्वी जागा नसे, गिटारी एकमेकींना खेटून लटकत. आता मधले आकडे रिकामे दिसायला लागले. लेक म्हणे, "बाबा, त्यांनाही फ्रेट असतात. तारा त्या पट्ट्यांवर घासतातच की." मास्तर म्हणत, "मेलेल्या माणसाची दाढी करू का मी?" आणि विषय संपे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण त्यात कानाचं प्रकरण निघालं.

आदल्या हिवाळ्यात मास्तरांना घड्याळाचा गजर ऐकू येईनासा झाला. बायकोने दोनदा हलवून उठवलं, तिसऱ्यांदा गार पाणी शिंपडलं. मास्तर कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी कानाला भोंगे लावून तपासलं, कागदावर उतरती रेघ काढली आणि म्हणाल्या, वरचे बारीक आवाज कमी झालेत, वयाने होतं, यंत्राजवळ काम करता तेव्हा कान झाका. "पण एक लक्षात ठेवा, काका. बाहेर नसलेला आवाज ऐकू यायला लागला, कानात गुणगुण, झिणझिण असं काही, तर लगेच या." मास्तरांनी विचारलं, त्यावर औषध काय? बाई म्हणाल्या, बऱ्याचदा तो आवाज मग मुक्कामालाच येतो, माणसाला त्याच्याबरोबर राहायची सवय करावी लागते.

सवय! ज्याचं सगळं पोट कानावर, त्याने कानात डास पाळून कसं राहायचं? मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ही गोष्ट घरात काढलीच नाही. घडी धुण्याच्या वेळी बायकोच्या हाती लागली. तिने ती वाचली, परत त्याच खिशात ठेवली आणि तीही बोलली नाही. फक्त नवा गजर घेऊन आली, बैलासारखा हंबरणारा.

तर अशा दिवसांत एका सोमवारी लेक दुकानात आली. शोरूमच्या मोठ्या साहेबांना कोळशाच्या गिटारींच्या देखभालीसाठी कायमचा माणूस हवा होता. विकलेली प्रत्येक गिटार वर्षातून एकदा तपासायची, फ्रेट घासून नीट करायचे, तारांची उंची बसवायची. लेकीने मास्तरांचं नाव सांगून टाकलं होतं.

"शनिवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय, बाबा. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसरा माणूस बघतील."

"मला न विचारता नाव दिलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही मेलेल्या माणसाची दाढी काढली असती."

आतून बायको खाकरली.

लेकीने येताना एक काम आणलंच होतं. जहाजावर प्रवाशांसाठी गिटार वाजवणारी एक बाई होती, दुकानात पुढे तिचं नाव जहाजवाली पडलं, तिची ती कोळशाची गिटार. समुद्राच्या खाऱ्या हवेत तिच्या तीन लाकडी गिटारी कामी आल्या, तेव्हा तिने ही घेतली. सहा वर्षं रोज रात्री वाजवून फ्रेटवर तारांचे खड्डे पडले होते. शनिवारी अकराला ती गिटार न्यायला येणार होती आणि दुपारी तिचं जहाज सुटणार होतं.

मास्तरांनी मंगळवारी तोंडाला फडकं आणि कानाला झाकणं लावली आणि काम सुरू केलं. आणि काय सांगू, कानस फ्रेटवर चालायला लागली तसा माणूस खुलला! धातू तोच, खड्डे तेच, हाताला लागणारी कुरकुर तीच. तारेला थोडंच ठाऊक असतं खाली लाकूड आहे की कोळसा? दोन दिवस मास्तर तोंडातल्या तोंडात गुणगुणत होते. बुधवारी संध्याकाळी फ्रेट आरशासारखे झाले. नव्या तारा सकाळी लावू म्हणून त्यांनी गिटार घोंगड्यावर ठेवली. बायको ताट घेऊन दारात आली, कुणाच्या तरी जिन्याचं गाऱ्हाणं सांगत होती, मास्तर हं हं करत होते आणि हात आपलं काम करत होते. उद्या लेकीला हो म्हणावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी तारा चढवल्या, सूर लावला, गिटार मांडीवर घेतली आणि पाचवी तार छेडली.

झिण्ण.

अगदी बारीक. तारेच्या सुराच्या मागून, डास बाटलीत अडकल्यासारखी. मास्तरांनी तार दाबून बंद केली. आवाजही बंद. पुन्हा छेडली. झिण्ण. बाकीच्या पाच तारांवर काही नाही. त्यांनी फ्रेट बघितले, तारेची उंची बघितली, खुंट्या आवळल्या. दिवा घेऊन तोंडातून आत पाहिलं, तर आत काळ्यावर काळं, विहिरीत डोकावल्यासारखं. मग त्यांनी गिटारबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की हिची पेटी आणि मान एकाच साच्यातून निघाली आहे, आत काठ्या नाहीत, जोड नाही, त्यामुळे सैल होऊन वाजण्यासारखं आत काही नाही.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. गिटारमध्ये वाजण्यासारखं काही नसेल, तर वाजतंय कुठे?

दुपारी लेक आली. मास्तर शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, "जरा बघ गं, कसं झालंय." तिने शोरूममधल्या पद्धतीने गिटार काउंटरवर आडवी ठेवली, मानेला सूर मोजायचं यंत्र लावलं आणि एकेक तार छेडली. यंत्रावर हिरवा दिवा, हिरवा दिवा, हिरवा दिवा.

"पाचवी पुन्हा वाजव."

तिने वाजवली. "एकदम स्वच्छ, बाबा! साहेबांना मुद्दाम दाखवायला न्यावीशी वाटतेय."

"काही... बारीक वगैरे?"

"काहीच नाही. का हो?"

"सहज विचारलं," मास्तर म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, माणसाने दुसरी गिटार घेऊन ताडून बघावं की. वर दांड्याला तीन लाकडी लटकत होत्या, हात वर केला की झालं. पण मास्तरांचा हात वर गेलाच नाही. त्यांना भीती वाटली, सरळ भीती. तिच्यातूनही झिण्ण आलं असतं तर मग वाद घालायला जागाच उरली नसती. तीस-पस्तीस वर्षं ज्या कानाने लोकांच्या गिटारींचे निकाल दिले, त्या कानाचा निकाल ऐकायची या माणसात हिंमत नव्हती.

शुक्रवारी दुकानात टिचकी वाजली नाही. चहाचा कप आला, मास्तरांनी त्याला टिचकी न मारता तो प्यायला. बायकोने हे दारातून पाहिलं. संध्याकाळी ती ताट घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, एक जीभ कमी भरतेय. सापडत नाही."

एरवी मास्तर लगेच म्हणाले असते, "तुझी जागेवर आहे ना? मग काही बिघडलं नाही." असला चेंडू त्यांनी आयुष्यात सोडला नव्हता. आज ते नुसतं म्हणाले, "असेल कुठेतरी."

बायकोने ताट खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि समोर बसली. "कान का?"

मास्तरांनी मान वर केली. "तुला काय माहीत?"

"तुमचे शर्ट कोण धुतं? सांगा आता."

मग त्यांनी सांगितलं. झिणझिण सांगितली, पुस्तक सांगितलं, हिरवे दिवे सांगितले. उद्या पोरीला नाही म्हणणार, जहाजवालीची गिटार देणार आणि या तीन गिटारी ज्यांच्या त्यांना पोचवून दुकानाला कुलूप लावणार, हेही सांगितलं. "लाकूड गेलं तेव्हा वाटलं, कान तर आहे. आता कान गेला तर मी दुकानात बसून करू काय? खोटे निकाल देऊ लोकांना?" हे म्हणून ते भिंतीवरच्या क्लॅम्पांकडे बघत राहिले.

बायकोला रडू येत होतं, पण ती रडणाऱ्यांतली नाही. "पस्तीस वर्षांत माझं एक अक्षर ऐकलंत का? तरी संसार झालाच ना?" ती म्हणाली. मग त्यांचा हात धरून बसली. "सोमवारी दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्याआधी कुलूपबिलूप काही नाही."

मास्तरांनी मान हलवली, पण क्लॅम्प मात्र त्या संध्याकाळीच उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळले.

शनिवारी जहाजवाली अकराच्या आधीच आली. चाळिशीची, आडव्या अंगाची, हसतमुख बाई, खांद्याला पिशवी. तिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं, पण विचारलं नाही. मास्तरांनी गिटार तिच्या हातात दिली. डोळे मात्र वर केले नाहीत.

तिने स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली आणि फ्रेटवरून बोटं फिरवली. "वा मास्तर! लोण्यासारखं झालंय!" मग ती वाजवायला लागली. वाजवणं कसलं, पंचवीस माणसांचा गलबला दाबून वाजवायची सवय तिला, दुकानातले पत्र्याचे डबे थरथरले. मास्तर टेबलाला पाठ टेकून उभे होते. त्या सगळ्या सुरांमधून त्यांना ती झिणझिण येत होती. ते डोळे मिटून ऐकत होते.

बाई मध्येच थांबली. एकटी पाचवी तार छेडली. मान तिरकी केली. पुन्हा छेडली.

"मास्तर, रागावू नका हं..."

"काय?"

"काम सुंदरच झालंय. म्हणजे माझं काही म्हणणं नाही, पण..."

"बाई, काय ते बोला!"

"या तारेवर मागून काहीतरी झिणझिणतंय. अगदी बारीक."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. "पुन्हा म्हणा."

"झिणझिणतंय."

"कसं? कसं झिणझिणतंय? नीट सांगा."

बाई घाबरलीच. "म्हणजे... डास कशात तरी अडकलाय असं."

"बाटलीत?"

"हो, बाटलीत म्हणा."

मास्तर टेबलावरच बसले, घोंगड्यावर. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग हा माणूस असा हसायला लागला की शेजारचं शिवणयंत्र थांबलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "वाजतंय! अगं, ऐकलंस का? हिलाही ऐकू येतंय! गिटारच वाजतेय!" बायको दारात आली, तिच्या ओल्या हातात चमचा तसाच होता. तिचा जीव भांड्यात पडला तो असा, की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जहाजवालीला काही कळेना. तिने आयुष्यात पुष्कळ दुरुस्तीवाले पाहिले होते, पण तक्रार ऐकून आनंदाने रडणारा हा पहिलाच.

नेमकी त्याच वेळी लेक आली. "काय झालं? बाबा? कुणी काही सांगेल का मला?"

"गप्प. सगळे गप्प," मास्तर म्हणाले.

ते उठले, नाक पुसलं, बाईच्या मांडीवरच्या गिटारसमोर गुडघ्यावर बसले आणि टिचकी मारली. टक. खाली सरकले. टक. टक. बगलेतून वर आले. टक. खांद्याच्या वळणाजवळ थांबले, कान टेकवला आणि पुन्हा मारली.

टिक.

"इथे," मास्तर म्हणाले.

गिटारला जोड नसू दे, काठ्या नसू देत, पण तिच्या छातीखालून आवाज मोठा करायच्या माइकची एक वायर गेलेली होती. मास्तरांनी तारा सैल केल्या, तोंडातून हात आत घातला, खांद्याकडे चाचपडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. हात बाहेर यायला तयारच होईना. शेवटी तो आला, आणि त्या हातात होती बोटभर लांबीची काळी रबरी नळी, भोकं पाडलेली, टोकाला तारेचा आकडा.

मास्तर नळीकडे बघत होते आणि बाकी तिघी मास्तरांकडे.

"हे काय आहे?" जहाजवालीने विचारलं.

बुधवारची संध्याकाळ मास्तरांना आता लख्ख आठवत होती. जिन्याचं गाऱ्हाणं, ताट, हं हं, आणि तारा नसलेलं मोकळं तोंड. हात आत गेला होता, सवयीने काठी शोधली होती, काठी मिळाली नाही तर वायरला आकडा अडकवून मोकळा झाला होता. काळ्यात काळी, ती दिव्याला काय दिसणार? गिटार मांडीवर उभी धरली की आकडा आतल्या कडक भिंतीला जेमतेम टेकायचा आणि झिणझिणायचा.

"आणि मी काउंटरवर आडवी ठेवून वाजवली!" लेक कपाळावर हात मारून म्हणाली. "आडवी ठेवली की तो टेकतच नसणार." मग तिच्या लक्षात खरी गोष्ट आली आणि ती ओरडली, "बाबा! तुम्ही कोळशाच्या गिटारला पाणी पाजलंत?"

मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण दारातून बायकोच आधी बोलली. "बाई गं बाई! स्वतःच तिच्या तोंडात जीभ घातली, आणि ती बोलली तर दुकान बंद करायला निघाले!"

मग मात्र जहाजवालीलाही सगळं सांगावं लागलं. जीभ काय, कान काय, डॉक्टरीणबाई काय. ती इतकी हसली की जहाज सुटतं की काय असं वाटायला लागलं. जाताना तिने ती जीभ मागून घेतली. तिला तिचा काही उपयोग नव्हता, पण जहाजावर सांगायला गोष्ट झाली, असं म्हणाली. मास्तरांनी तारा पुन्हा सुरात आणल्या, गिटार मांडीवर घेऊन पाचवी तार छेडली आणि ती विरेपर्यंत ऐकली. मागे काही नव्हतं. मग त्यांनी दांड्यावरच्या तिन्ही लाकडी गिटारीसुद्धा एकेक करून खाली काढल्या आणि वाजवून बघितल्या. गुरुवारी न झालेली हिंमत आता फुकट मिळाली होती.

"कान शाबूत आहे," ते म्हणाले. "गेली ती अक्कल. तिच्यावाचून मी पूर्वीही चालवत होतोच."

लेक फोन हातात घेऊन उभी होती. "बाबा, दुपार व्हायला आली. साहेबांना काय सांगू?"

"सांग, सोमवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. हिला शब्द दिलाय. दुपारपासून कितीही कोळसा पाठवा." मास्तर वर्तमानपत्रं फाडून क्लॅम्प पुन्हा भिंतीवर लावायला लागले. "आणि हेही सांग, की सगळ्या गिटारी मांडीवर घेऊन तपासल्या जातील. काउंटरवर आडव्या ठेवून नाही."

"आणि जिभा?"

"जिभेचं ताट यापुढे तुझी आई स्वतः फिरवेल. माझा हात त्याला लागणार नाही."

लेक हसत पुढे आली. मास्तर शिडीच्या खालच्या पायरीवर उभे होते, पाठमोरे, दोन्ही हातांत क्लॅम्प. तिने त्यांच्या डोक्याला मागून हळूच टिचकी मारली आणि कान दिला. तिच्या वडिलांनी आयुष्यभर जगाला जसा दिला, अगदी तसाच.

"काय निघालं?" मास्तरांनी न वळता विचारलं.

"पोकळ आहे," लेक म्हणाली. "पण वाजतंय छान."

"पोकळ आहे म्हणूनच वाजतंय," मास्तर म्हणाले, आणि हातातले दोन्ही टांगून पुढचा क्लॅम्प मागायला त्यांनी हात मागे केला.